गावाच्या विकीपानावर घातलेली माहिती टिकत काहून नाही?

धुरा

विदर्भातल्या गावांची, पिकांची, बोलींची पानं मराठी विकिपीडियावर वाढवणाऱ्यांची एक कायमची ओरड आहे. आज लिहिलं, प्रकाशित केलं, उद्या पाहिलं तं साफ. मग टपरीवर निकाल लागतो की वरचे लोकं आपलं ठेवतच नाहीत. असेलही काही ठिकाणी. पण 'इतिहास पहा' उघडून शांतपणे वाचलं की माहिती जाण्यामागे तीन-चार ठरलेली कारणं दिसतात, आणि त्यातली बरीचशी जतन करायच्या आधीच बंद करता येतात. त्यासाठी हा धागा. नुसती तक्रार नको, काय बिघडतं आणि काय केलं तर सुधरतं ते लिहा.

सुरुवात इतिहासापासून. प्रत्येक नोंदीपुढचा हिरवा-लाल आकडा अक्षरांचा नाही, बाइटचा असतो. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'ग्रामपंचायत' म्हणजे ११ चिन्हं, ३३ बाइट. त्यामुळे 'उणे ९००' पाहून धस्स व्हायचं कारण नाही, ती तीन-चार वाक्यं असतात.

दुसरं म्हणजे 'उलटवा' आणि रोलबॅक यांत फरक आहे. 'उलटवा' एका बदलापुरतं चालतं. रोलबॅक पानावरच्या शेवटच्या सदस्याचे सलग केलेले सगळे बदल एका दाबात मागे नेतं. कोणी सलग सहा बदल केले, पाच चांगले आणि सहाव्यात सरपंचाचा मोबाइल नंबर घातला, तर रोलबॅकमध्ये सहाही जातात. रोलबॅक करणारा पाहतो फक्त शेवटचा बदल, आणि लिहिणाऱ्याला वाटतं आपली पाचही कामं नापसंत झाली. इथं भांडायची गरज नाही. इतिहासातून जुनी आवृत्ती उघडा, चांगला भाग उचला, परत घाला आणि बदलांच्या आढाव्यात लिहा: 'फोन नंबर वगळून बाकी मजकूर पुन्हा भरला'. जुन्या आवृत्त्या कुठंही जात नाहीत. चोरीचा मजकूर म्हणून लपवलेल्या किंवा पानच काढून टाकलेल्या तेवढ्या दिसत नाहीत.

पऱ्हाटी

संपादन-संघर्षाचं लिहितो, कारण शिबिरात दहा जण एकाच पानावर बसवले की पहिल्या अर्ध्या तासात हेच होतं.

दोघांनी एकाच वेळी पान उघडलं आणि दोघांनीही जतन केलं तर सॉफ्टवेअर दोन्ही बदल आपोआप जोडायचा प्रयत्न करतं. हे जोडणं ओळीच्या हिशेबानं चालतं, आणि त्याच्या लेखी ओळ म्हणजे एंटर दाबेपर्यंतचा सगळा मजकूर. आपल्याकडं 'इतिहास' विभागाचा अख्खा परिच्छेद तीनशे शब्दांचा, म्हणजे त्याच्यासाठी ती एक ओळ. एकानं पहिलं वाक्य दुरुस्त केलं, दुसऱ्यानं शेवटचं, तरी टक्कर. म्हणून:

परिच्छेद चार-पाच वाक्यांचेच ठेवा. अख्खं पान उघडू नका, विभागाच्या मथळ्याशेजारच्या 'संपादन'वर दाबा. तक्ता असेल तर प्रत्येक खाना वेगळ्या ओळीवर लिहा. एका ओळीत आठ खाने कोंबले की लोकसंख्या बदलणारा आणि पिनकोड बदलणारा एकमेकांवर आदळलेच.

टक्कर झालीच तर घाबरून मागे जायचं बटण दाबू नका, लिहिलेलं जाईल. समोर दोन मजकूर दिसतात. आपला कॉपी करून घ्या, पान ताजं उघडा, फक्त आपलं वाक्य घाला. खालचा मजकूर जसाच्या तसा वर चढवला की आधीच्या माणसाचं काम पुसलं जातं, आणि इतिहासात ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

तिखट_भिवापुरी

हे सगळं ठीक. पण मूळ दुखणं वेगळं आहे. तालुक्यातली शंभर गावं, शंभर पानं, आणि सगळ्यांवर एकच मजकूर: अमुक तालुक्यातलं एक गाव, हवामान उष्ण व कोरडं, तीन ऋतू. गावाचं नाव झाकलं तर कोणतं गाव ते ओळखू येत नाही. असल्या पानांवर मेहनत करायची कशाला? सगळी काढून टाका ना भाऊ.

मौजा_रिठी

काढून टाकली तरी पुढच्या वर्षी कोणीतरी परत बनवेल, कारण यादीत लाल दुवे (पान नसलेली नावं) दिसतात आणि लाल दुवा दिसला की हात शिवशिवतात. पानं साच्यातून निघाली हा दोष लहान. मोठा दोष हा की ती नावावरून बनली.

विदर्भात नावावरून गाव ओळखता येत नाही. पिंपळगाव, बोरगाव, खैरी, सावंगी, प्रत्येक जिल्ह्यात ढिगानं. खुर्द-बुद्रुक तर आहेच. चंद्रपूर-गडचिरोलीकडं 'चक' आणि 'माल' लागतात, शेवटी 'तुकूम' येतं. गोंदिया-भंडाऱ्यात टोला आणि टोली. यवतमाळात कोलामांचे पोड, बंजाऱ्यांचे तांडे. यातलं कोणतं महसुली गाव आणि कोणती नुसती वस्ती, हे नावावरून कळत नाही. एकानं 'खैरी' म्हणून एका गावाची लोकसंख्या भरली, दुसऱ्यानं दुसऱ्या खैरीच्या शाळेचा फोटो लावला, तिसऱ्यानं 'चूक' म्हणून दोन्ही काढलं. तिघंही आपापल्या जागी बरोबर.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. २०११च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी कोड आहे. पानाला हात लावायच्या आधी तो कोड शोधा. जिल्हा जनगणना पुस्तिकेत तालुकानिहाय यादी असते, तिच्यातून घ्या. मग विकिडेटावर (सगळ्या विकींच्या सामाईक माहितीसाठ्यावर) त्या कोडाची नोंद आहे का ते पाहा. असेल तर आपलं पान त्या नोंदीला जोडा, नसेल तर नोंद करा आणि मग जोडा. एकाच गावाच्या दोन नोंदी निघाल्या तर त्या विलीन करता येतात. मात्र दोन्हींचे कोड एकच असल्याची खात्री होईपर्यंत विलीन करू नका. दोन वेगळी गावं एकत्र केल्यावर सोडवताना नाकी नऊ येतात.

जिल्ह्याची गफलतही इथंच होते. गडचिरोली चंद्रपुरातून २६ ऑगस्ट १९८२ला वेगळा झाला, वाशीम अकोल्यातून १ जुलै १९९८ला, गोंदिया भंडाऱ्यातून १ मे १९९९ला. जुन्या गॅझेटियरमधून माहिती उचलणारा मानोऱ्याचं गाव अकोला जिल्ह्यात टाकतो, संदर्भही देतो, आणि उलटवलं की चिडतो. संदर्भ खरा आहे, फक्त त्या काळचा आहे. 'तेव्हा अकोला जिल्ह्यात' असं लिहिलं तर कोणी काढत नाही.

लोकसंख्येतही तीच गोष्ट. जनगणनेचा आकडा महसुली गावाचा असतो. गट ग्रामपंचायत तीन-चार गावांची असली तर तिथल्या फलकावरचा आकडा त्या सगळ्यांचा मिळून. दोन्ही खरे, म्हणून भांडण मिटत नाही. आकड्यापुढं 'जनगणना २०११, महसुली गाव' एवढं लिहा. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे गावनिहाय आकडे छापून येईपर्यंत २०११चाच आकडा राहू द्या. अंदाजानं वाढवलेला आकडा कोणीही काढेल, आणि बरोबर काढेल.

आणि रिठी गावं. कागदावर मौजा आहे, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) आहे, माणूस राहत नाही. जनगणनेत ती लोकसंख्या शून्य म्हणून येतात. लोकं 'माहिती अपूर्ण' समजून शेजारच्या गावाचा आकडा त्यात भरतात. शून्य हीच तिथली माहिती आहे.

वायगावी

अक्षांश-रेखांशाचं पण घ्या यात. जी चूक रोज दिसते ती म्हणजे अंश-मिनिटांना दशांश समजणं. २० अंश ४५ मिनिटं म्हणजे २०.७५. लोक २०.४५ भरतात. फरक ०.३० अंशाचा, जमिनीवर साधारण ३३ किलोमीटर. गाव थेट शेजारच्या तालुक्यात जातं.

दुसरी चूक उलटा क्रम. आधी अक्षांश, मग रेखांश. विदर्भात अक्षांश साधारण १८.७ ते २१.७ आणि रेखांश ७६ ते ८०.९ यांच्या आत पाह्यजे. उलटे भरले की नागपूर उत्तर ध्रुवाकडं स्वालबार्ड बेटांजवळ निघतं. उन्हाळ्यात तेही बरंच वाटेल म्हणा.

दशांशानंतर चार अंक पुरे, तेवढ्यात ११ मीटरपर्यंत नेमकं होतं. दोनच अंक भरले तर गाव किलोमीटरभर सरकू शकतं. सात अंक भरून उगाच अचूकतेचा आव आणू नका. बिंदू गावाच्या वस्तीच्या मधोमध घ्या, ग्रामपंचायत किंवा मुख्य चौक. बसथांबा पुष्कळदा फाट्यावर असतो, गावापासून दोन किलोमीटर.

धुरा

@मौजा_रिठी, गोसीखुर्दच्या बुडीत गावांचं कसं करायचं? जुनं गाव पाण्याखाली, पुनर्वसन दुसरीकडं, नाव तेच.

मौजा_रिठी

पान एकच, स्थानं दोन. जुनं स्थान 'मूळ गावठाण' म्हणून, नवीन 'पुनर्वसित गावठाण' म्हणून, दोन्हींसमोर वर्ष. माहितीचौकटीत (पानाच्या बाजूच्या तक्त्यात) फक्त आजचं. पुनर्वसित गाव वेगळं महसुली गाव म्हणून जाहीर झालेलं असेल तरच वेगळं पान. नाहीतर नकाशावर गाव धरणाच्या मधोमध दिसतं आणि कोणीतरी 'दुरुस्त' करून काठावर आणून ठेवतो, जिथं ते कधीच नव्हतं.

तिखट_भिवापुरी

बरं, कोड मानला. तरी त्या शंभर एकसारख्या पानांचं काय?

पऱ्हाटी

तालुक्याचं एकच यादीपान करा. रकाने असे: २०११चा कोड, नाव, प्रचलित दुसरं नाव, लोकसंख्या, ग्रामपंचायत, अक्षांश-रेखांश, टीप. छोटी पानं त्या यादीकडं पुनर्निर्देशित करा, म्हणजे पान उघडलं की यादी उघडेल. पानं काढायची नाहीत, पुनर्निर्देशनात जुना इतिहास तसाच राहतो. पुढं एखाद्या गावाबद्दल खरंच दोन-तीन स्वतंत्र स्रोत मिळाले की पुनर्निर्देशन काढून पान पुन्हा उघडता येतं. मेंढा-लेखासारख्या गावाला, ज्याच्या सामूहिक वनहक्काबद्दल भरपूर छापून आलं आहे, स्वतःचं पान पाह्यजेच. बाकीच्यांनी यादीत बसायला हरकत काय?

एकच धोका: यादीपान फार लांब झालं की मोबाइलवर उघडत नाही. महसूल मंडळनिहाय तुकडे करा.

झाडीतला

हरकत आहे पऱ्हाटी भाऊ. 'दोन-तीन स्वतंत्र स्रोत' हीच अट आमच्या झाडीपट्टीला, म्हणजे पूर्व विदर्भाला, नडते. वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळ्या भाऊबीजेपासून होळीपर्यंत रात्ररात्र नाटकं करतात, गर्दी मावत नाही. दंडार आहे, खडी गंमत आहे, ही आमची लोकनाट्यं. पण नाटकाचं नाव छापलं कुठं? भिंतीवरच्या पोस्टरवर आणि जिल्हा पुरवणीच्या आतल्या पानावर. पोस्टर दोन महिन्यांत फाटते, पुरवणी ऑनलाइन राहत नाही. मग 'उल्लेखनीयता सिद्ध होत नाही' म्हणून पानकाढाचा साचा (पान काढायची सूचना) लागतो. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या वर्तमानपत्रांनी झाडीपट्टीवर लिहिलं. आता त्यांच्या पानाला संदर्भांची कमी नाही. बाकी मंडळ्यांनी काय पद्मश्रीची वाट पाहायची?

कोरडवाहू

झाडीतला भाऊ, एक गैरसमज काढतो. संदर्भ ऑनलाइनच हवा असा नियम नाही. छापील पुरवणी चालते. मात्र संदर्भात पुरतं लिहा: वर्तमानपत्राचं नाव, कोणती आवृत्ती, जिल्हा पुरवणी असेल तर तसं, तारीख, पान क्रमांक, बातमीचा मथळा. आवृत्ती लिहिली नाही तर तपासणारा नागपूरचा मुख्य अंक पाहतो, तिथं बातमी सापडत नाही, आणि संदर्भ खोटा ठरतो. गडचिरोलीची पुरवणी नागपूर शहरातल्या अंकात नसते, हे पुण्यातल्या माणसाला कसं ठाऊक असणार?

ई-पेपरचा दुवा देताना तो त्याच दिवशी वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर) जतन करा आणि दोन्ही दुवे संदर्भात द्या. नुसता ई-पेपरचा दुवा बहुतेकदा थोड्या दिवसांत मरतो. छोटा करून मिळणारा दुवा देऊ नका. दुवे लहान करणाऱ्या सेवा विकिमीडियाच्या काळ्या यादीत आहेत, पान जतनच होत नाही, आणि लोकांना वाटतं आपल्यालाच अडवलं.

झाडीतला

पुरवणीचं पटलं. पण झाडीबोलीचे शब्द, खडी गंमतीतली गाणी, हे कोणत्याच पुरवणीत नाही. तोंडी आहे सगळं.

कोरडवाहू

ते विश्वकोशाच्या पानात बसत नाही, जबरदस्तीनं बसवूही नका. मूळ संशोधन म्हणून जाईल. शब्द विक्शनरीत (विकीच्या शब्दकोशात) घाला, अर्थासोबत वापराचं वाक्य आणि कुठल्या भागात बोलतात ते. उच्चार ध्वनिमुद्रित करायला लिंग्वा लिब्रे आहे: शब्दांची यादी भरली की एकामागून एक शब्द समोर येतो, बोलत जायचं, प्रत्येकाची वेगळी फाइल कॉमन्सवर (विकीच्या फोटो-ध्वनीच्या साठ्यावर) चढते. माणूस शांत खोलीत बसवा, पंखा बंद. पंख्याच्या घरघरीनं शब्द कुठं संपला ते सॉफ्टवेअरला कळत नाही.

पऱ्हाटी

बोलीवरून आठवलं. 'वऱ्हाड' हा शब्द शोधल्यावर पान सापडत नाही, म्हणून दुसऱ्यांदा बनवलं जातं. कारण डोळ्याला दिसत नाही. हा अर्धा र दोन तऱ्हेनं टंकता येतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तंतोतंत सारखं, संगणकाला दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तेच, एक स्वतंत्र चिन्ह, दुसरं 'अ', जोडक आणि वरची चंद्रकोर मिळून. फोनच्या कळपटावरून (कीबोर्डवरून) एक येतं, जुन्या संगणकावरून दुसरं.

काम असं: नवीन पान बनवायच्या आधी दोन्ही कळपटांवरून शोधा. एक रूप मुख्य ठेवा, दुसऱ्यावरून पुनर्निर्देशन. व्हॉट्सॲपवरून मजकूर चिकटवला असेल तर शीर्षक तरी हातानं टंका, त्यात अदृश्य चिन्हं चिकटून येतात. आणि 'पूर' दीर्घच. ग्रामनामातला 'पूर' दीर्घ लिहायचा हे मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांत आहे. 'भिवापुर', 'चंद्रपुर' अशी पानं हिंदी याद्यांवरून उतरतात. ती चूक दिसली की पान 'स्थानांतरित' करा. मजकूर कॉपी करून नवं पान बनवलं तर आधी लिहिणाऱ्यांचा इतिहास तुटतो.

श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर भलतीच अक्षरं येतात. परिवर्तक वापरला तरी जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यानं तपासावे लागतात, नेमकी गावांची नावं बिघडतात.

वायगावी

फोटोंबद्दल, कारण कॉमन्सवरून विदर्भातले फोटो बरेचदा पुढच्याच कारणानं जातात. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चढवू नका, मग तो स्वतः काढलेला का असेना. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि कॅमेऱ्यानं लिहिलेली माहिती (तारीख, फोनचं मॉडेल, स्थान) पुसून टाकतं. तपासणाऱ्याला तो इंटरनेटवरून उचललेला वाटतो. मूळ फाइल फोनमधून थेट चढवा. दुसऱ्याकडून मागवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, आणि फोटो त्यानं काढला असेल तर त्यालाच स्वतःच्या खात्यातून चढवायला लावा. नाहीतर परवानगीचा ईमेल विकिमीडियाकडं पाठवावा लागतो, आणि त्यात वेळ जातो.

भारताच्या १९५७च्या प्रताधिकार कायद्यात सार्वजनिक जागी कायम उभारलेल्या पुतळ्याचा, इमारतीचा फोटो चालतो. भिंतीवर रंगवलेलं चित्र, फ्लेक्स, नाटकाचं पोस्टर यांना ती सूट नाही. झाडीतला भाऊ, पोस्टरचा जवळून फोटो म्हणून जातो. मंडप, रंगमंच आणि गर्दीचा फोटो घ्या, पोस्टर मागं कुठंतरी लहान दिसलं तर चालतं.

वायगावच्या हळदीचा फोटो घालताना फाइलच्या नावात 'हळद १' लिहू नका. पीक, गाव, तालुका, महिना. भौगोलिक मानांकन असलेलं पीक आहे, म्हणून सांगलीच्या हळदीचा फोटो तिथं चालत नाही. आणि तो लागलेला असतो बरेचदा.

तिखट_भिवापुरी

आमच्या मिरचीच्या पानाचं पण तसंच. ब्याडगीचा फोटो लावून ठेवतात, रंग पाहूनही कळत नाही यांना.

कोरडवाहू

नेटवर्कची अडचण राहिली. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच अंकपत्त्यामागं (आयपी ॲड्रेसमागं) ठेवतात. त्यातल्या एकानं उपद्रव केला आणि प्रचालकानं (विकीच्या ॲडमिननं) पत्त्यांचा पट्टा अडवला की सगळे अडकतात. एका अडवणुकीत चौथ्या आवृत्तीचे (आयपीव्ही४) ६५,५३६ पत्तेही येऊ शकतात. 'तुम्हाला अडवलं आहे' असा संदेश ज्यानं काहीच केलं नाही त्यालाही येतो. बहुतेक अडवणुकी फक्त खातं नसलेल्यांसाठी असतात. खातं असेल तर लिहिता येतं, पण अडवलेल्या पट्ट्यातून खातंच बनवता येत नसेल तर दुसऱ्या जोडणीवरून बनवा, वाचनालय किंवा ग्रामपंचायतीची जोडणी. एकदा बनवलं की सगळ्या विकींवर तेच चालतं. खातेधारकालाही अडवणारी कडक अडवणूक असेल तर तिच्यातून सूट मागता येते. व्हीपीएन लावून पळवाट काढू नका, ते तर आधीच बंद केलेलं असतं.

लाइट गेली, फोननं टॅब मारला, लिहिलेलं गेलं, यावर: पसंतीक्रमात संपादन-पुनर्प्राप्तीचा पर्याय आहे, तो चालू करा. न जतन केलेला मजकूर त्याच ब्राउझरमध्ये राहतो. खासगी टॅबमध्ये लिहिलं तर मात्र नाही. लांब मजकूर असेल तर आपल्या सदस्यपानाखालच्या धूळपाटीवर (कच्चं लिहायच्या पानावर) तुकड्यातुकड्यांनी जतन करा, पूर्ण झाल्यावर एकदाच पानात हलवा. यानं धुरा भाऊंनी सांगितलेला सलग सहा बदलांचा धोकाही टळतो.

तिखट_भिवापुरी

सगळं आपल्यालाच करायला सांगून राहिले तुम्ही. उलटवणाऱ्याचं काहीच नाही का? कारण लिहीत नाही, नुसतं उलटवतो. आणि सूचना येते ती इंग्रजीतून, चार ओळींची, त्यात दहा दुवे.

धुरा

हे खरं आहे आणि हे चावडीवर (मराठी विकिपीडियाच्या सामाईक चर्चापानावर) मांडायला पाह्यजे. मी तीन मागण्या लिहितो, मान्य नसतील तर तोडा.

एक, उलटवताना आढावा रिकामा नको. आढाव्यात आता ५०० चिन्हं बसतात. पूर्वीची २५५ बाइटची मर्यादा देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हांची होती, तेव्हाची कंजुषी समजू शकतो. आता नाही. 'संदर्भ नाही', 'दुसऱ्या गावाची माहिती', 'मजकूर उचललेला' एवढंही पुरे.

दोन, निरुपद्रवी आणि बिनसंदर्भ वाक्य लगेच न काढता 'संदर्भ हवा' लावून दोन आठवडे ठेवा. जिवंत माणसाबद्दलचं वाक्य मात्र तत्काळ जावं, यात सूट नको.

तीन, आपोआप तपासणाऱ्या संपादन गाळणीनं अडवलं तर नेमकं कशामुळं अडवलं ते साध्या मराठीत सांगा. फोन नंबर, छोटा दुवा, का सलग उद्गारचिन्हं.

पऱ्हाटी

दुसरीत अडचण आहे. दोन आठवडे कोण मोजणार? अलीकडील बदल पाहणारे लोक मोजकेच आहेत. साच्यात महिना आपोआप भरला गेला आणि त्यावरून पानं महिन्याच्या वर्गात पडली तरच होईल. मग सांगकाम्यानं (बॉटनं) यादी काढून संबंधित सदस्यांच्या चर्चापानावर एकच सूचना टाकावी. माणसाच्या आठवणीवर सोडलं तर 'संदर्भ हवा' दहा वर्षं तिथंच लोंबकळतं.

वायगावी

जर्मन विकिपीडियासारखं केलं तर? तिथं २००८ पासून नवख्यानं केलेला बदल कोणी तपासेपर्यंत वाचकाला दिसत नाही.

पऱ्हाटी

तपासणारे भरपूर असले तर जमतं. आपल्याकडं बदल महिनाभर रांगेत पडून राहील आणि नवीन माणूस समजेल जतनच झालं नाही. तो परत परत तेच भरेल. नको.

मौजा_रिठी

एक भर. दोन खऱ्या संदर्भांचं भांडण असेल तर उलटवाउलटवीला कोणतीच गाळणी कामाची नाही. लोणार घ्या. विवराचं वय जुन्या मापनात सुमारे ५२,००० वर्षं, नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मापनात सुमारे ५,७०,०००. एक जण एक आकडा भरतो, दुसरा दुसरा, दोघांकडं संदर्भ. माहितीचौकटीत एकच खाना असतो म्हणून हे पेटतं. खान्यात 'मतभेद, पाहा: वय' लिहा आणि खाली विभागात दोन्ही आकडे, पद्धत आणि प्रकाशनाचं वर्ष द्या. सरपंचाच्या नावालाही हाच न्याय: नाव, 'पासून' तारीख, संदर्भ. तारखेशिवाय घातलेलं नाव पाच वर्षांनी खोटं होतं, आणि तोवर नवीन सरपंचाचे कार्यकर्ते येऊन ते बदलतात, जुन्याचे येऊन परत आणतात.

धुरा

यादीपानाचा नमुना धूळपाटीवर टाकला. कोडाचा रकाना पहिला घेतला आणि 'रिठी' म्हणून टीप ठेवली. पोड आणि टोले कुठं घालू? त्यांना कोड नाही.

मौजा_रिठी

ज्या महसुली गावात पोड आहे त्याच्या ओळीत, टीपेच्या रकान्यात 'वस्त्या:' म्हणून. स्थान ओपनस्ट्रीटमॅपवर वेगळा बिंदू म्हणून टाका, तिथं कोड लागत नाही.

तिखट_भिवापुरी

आणि पोडाचं नाव ग्रामपंचायतीच्या कागदात एक, शाळेच्या फलकावर दुसरं असलं तं?

मौजा_रिठी

दोन्ही लिहा, आणि कोणतं नाव कोणत्या कागदात आहे तेही. फलकाचा फोटो कॉमन्सवर चढवून ठेवा, मूळ फाइल.